ओसरी : मोजमापाबाहेरची जागा

घरापुढच्या आच्छादित पण मोकळ्या जागेसाठी मराठीत जितके शब्द आहेत, तितके घरातल्या एखाद्या खोलीसाठीही नसतील. उघडा तो ओटा. छप्पर असून एक बाजू मोकळी ती ओसरी. उतरत्या छपराखालची ती पडवी. वाड्याच्या दरवाजाशी आतल्या बाजूस बसण्याउठण्याची जागा ती ढाळज. व्हरांडा आणि पोर्च हे शब्द मागाहून आले. या शब्दसंपत्तीकडे केवळ वास्तुरचनेची परिभाषा म्हणून पाहिले, तर तिच्यातला सामाजिक इतिहास निसटतो. घर आणि गाव यांच्यात कोणी कोठवर यावे, याचा करार या जागेवर होत आला आहे.

मराठी गद्याच्या आरंभकाळातच ही जागा भेटते. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या निरूपणाचे अनेक प्रसंग देवळाच्या, मठाच्या वा घराच्या पटिशाळेत घडतात. पटिशाळा म्हणजे ओसरीच. पुढे स्थानपोथीने या स्थळांची नोंद करताना दार कोणत्या दिशेला, पटिशाळा कोठे, हे बारकाईने टिपले. महानुभाव पंथात स्वामींच्या बैठकीच्या जागी बांधलेले ओटे आजही पूज्य आहेत. संवाद घडला ती जागा पवित्र मानावी, ही कल्पना मराठीला इतकी जुनी आहे.

मराठवाड्यातल्या ओसरीचा आधार मात्र माळवद हा होता. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणी आणि भोवतालचा बालाघाटचा परिसर पर्जन्यछायेतला. येथे पावसापेक्षा उन्हाची धास्ती मोठी. म्हणून जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर लाकडाचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी घरे उभी राहिली. घराचे माप खोल्यांत नव्हे, तर खणांत सांगितले जाई. ओसरीचे खण त्या मापातच धरलेले असत. ओसरी मागाहून जोडण्याची गोष्ट नव्हती. ती मूळ आराखड्यातच होती.

परंतु हा करार सर्वांशी सारखा नव्हता. पाहुणा ओसरीवर टेके, गडी पायरीशी बसे, घरातल्या सुना पुरुषमंडळी असताना दाराआडच राहत. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते, त्यांना ओसरीची पायरीही नव्हती; पाणी वरून ओतले जाई, भाकर दुरून टाकली जाई. ‘बलुतं’ (1978) प्रसिद्ध झाल्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी ही ओसरी बाहेरच्या बाजूने दाखवली. त्या वाचल्यावर ओसरीविषयी निव्वळ स्मरणरंजन करणे कोणाही अभ्यासकाला शक्य राहू नये.

30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा भार हेच मोठ्या प्राणहानीचे कारण ठरले. साऱ्या मराठवाड्याचा माळवदावरचा विश्वास उडाला. पुनर्वसनात जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे दिली गेली. खणांची जागा चौरस फुटांनी घेतली.

तेच माप पुढे घरकुलांतही चालू राहिले. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर ठरले; स्वयंपाकाची जागा त्यात मोजली आहे, ओसरीचा उल्लेख नाही. हाती चार पैसे आले की घरमालक लोखंडी नळ्यांवर पत्रे टाकून दारापुढे शेड उभारतो. मे महिन्यात तो पत्रा तापतो. माळवदाचा गारवा त्याला नाही. तरीही त्या सावलीत धान्य निवडले जाते, दुचाकी लागते, आजारी माणसाची बाज पडते.

वडवणी आणि धारूरच्या टापूतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडपी कारखान्याच्या हिशेबात एक ‘कोयता’ म्हणून मोजली जातात आणि फडाजवळच्या कोपीत राहतात. कोपीला ओसरी नसते. गावी मागे उरलेली म्हातारी माणसे आणि नातवंडे त्या महिन्यांत पत्र्याखालीच दिवस काढतात. या कुटुंबांपैकी कित्येकांच्या पूर्वजांना दुसऱ्याच्या ओसरीवर पाऊल ठेवता येत नव्हते. आज त्यांनी स्वतःच्या कमाईतून उभारलेली ही शेड गावाच्या इतिहासात नोंदवली जायला हवी, कारण कोणी कोठवर यावे हे ठरवण्याचा अधिकार तिच्या मालकाच्या हाती प्रथमच आला आहे.