प्रयोगशाळेत जाताना पोशाख कसा असावा?

बारावी विज्ञान शाखेच्या प्रत्येक प्रयोगविषयाला 30 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. लातूर विभागीय मंडळाच्या कक्षेतील हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारे विद्यार्थी प्रयोगवही, आलेखाचा कागद, पेन्सिल सारे आठवणीने आणतात. अंगावरच्या कपड्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. अनुमापन असो वा क्षारांचे पृथक्करण, विद्यार्थी आम्ल आणि ज्योत यांच्यापासून हातभर अंतरावरच उभा असतो.

पहिला प्रश्न कापडाचा. शालेय गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो. त्यातील पॉलिएस्टर सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेला धागा त्वचेला चिकटून जखम खोलवर नेतो. सुती कापडही पेट घेते, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही. आम्लाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. विरल गंधकाम्लाचा थेंब सुती कापडावर पडला तर त्यातील पाणी उडून जाते, आम्ल तीव्र होत जाते आणि एक-दोन धुण्यांनंतर तेथे भोक दिसते. म्हणूनच गणवेशावर जाड सुती कापडाचा, पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत पोहोचणारा ॲप्रन घालावा आणि त्यावर काही सांडल्यास तो तत्काळ उतरवावा. त्याला टिचबटने असल्यास उत्तम. एका झटक्यात ॲप्रन निघतो.

थंडीच्या दिवसांत ॲक्रिलिक लोकरीचे स्वेटर घालूनच विद्यार्थी प्रयोगाला उभे राहतात. डिसेंबर 2008 मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हवेच्या संपर्काने पेट घेणारे रसायन सांडून एका तरुण संशोधन सहायिकेचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला. तिने ॲप्रन घातलेला नव्हता. जानेवारी 2009 मध्ये तिचा मृत्यू झाला. आपल्या शाळांत असले रसायन नसते हे खरे. परंतु स्पिरिटचा दिवा असतो आणि त्याची फिकट निळी ज्योत खिडकीतून येणाऱ्या उन्हात जवळजवळ दिसत नाही.

ओढणीचा धोका सर्वांत मोठा. कमरेशी गाठ मारलेली ओढणीही वाकताच पुढे लोंबते. ती काढून ठेवणे श्रेयस्कर. ते शक्य नसेल तर दोन्ही टोके ॲप्रनच्या आत खोचावीत. डोक्यावर स्कार्फ घेणाऱ्या विद्यार्थिनींनी तो सुती घ्यावा, पिनेने घट्ट बसवावा आणि टोके आत घ्यावीत. उन्हासाठी तोंडावर बांधलेला रुमाल प्रयोगशाळेच्या दाराशीच सोडावा. दोन वेण्या पाठीवर न सोडता वर बांधाव्यात. मुलांच्या मनगटावरील गंडेदोरे आणि राखीनंतर महिनोन्‌महिने राहणारा धागा आम्ल शोषून त्वचेशी धरून ठेवतो. अंगठीखाली साचलेला थेंबही तसाच. सिल्व्हर नायट्रेटने बोटे काळी पडतात, तो डाग काही दिवसांनी जातो. भाजलेल्या जखमेचे तसे नाही.

पायांत चपला नकोत, पाऊल पूर्ण झाकणारे बूट हवेत. प्रयोगशाळेबाहेर पादत्राणे काढण्याची प्रथा जेथे असेल, तेथे ती बंदच करावी. फरशीवर फुटलेल्या परीक्षानळीचे तुकडे असू शकतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद बूट नकोसे होतात हे मान्य. तरीही ही सवलत देण्याजोगी नाही.

डोळ्यांसाठी बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा लागतो, नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही. विद्यार्थी आम्लाला घाबरतात, पण सोडियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली डोळ्याला अधिक घातक असतो, कारण तो ऊतींत खोल शिरत जातो. अशा वेळी किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवावा लागतो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावांत म्हणूनच भरलेला ड्रम आणि मग प्रयोगशाळेत कायम हवा.

प्रत्येक विद्यार्थ्याने ॲप्रन विकत घ्यावा, असा आग्रह गरीब पालकांवर भार ठरतो. प्रात्यक्षिके तुकड्यांनी होतात, तेव्हा एका तुकडीला पुरतील इतके ॲप्रन आणि चष्मे शाळेनेच ठेवले तरी भागते. ते ॲप्रन घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत आणि डबा खाताना अंगावर ठेवू नयेत.