२० जून : किर्लोस्करवाडीचे शिल्पकार

उद्योजक लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा आज जन्मदिन (१८६९). रंग नीट ओळखता येत नसल्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले चित्रकलेचे शिक्षण त्यांनी सोडले आणि यंत्रांची वाट धरली. बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असे त्या काळी अनेक शेतकऱ्यांना वाटे. सुरुवातीचे नांगर कितीतरी दिवस गिऱ्हाइकाविना पडून राहिले. लक्ष्मणराव मात्र डगमगले नाहीत.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा माळ दिला आणि भांडवलालाही हातभार लावला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओतशाळेच्या भट्टीतला रस साच्यात पडू लागला. नांगर, उसाचे चरक, पुढे पंप गावोगाव गेले. ‘किर्लोस्कर’ मासिकही इथलेच. कारखान्याबरोबर वाचणारा समाज घडवणारे असे गाव महाराष्ट्रात विरळाच!

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे. तिथे पंप आजही तयार होतात.