लोकवर्गणीतून उभे राहिलेले महाविद्यालय

बदलीच्या नोकरीने आम्हांस कलकत्ता दाखविले. कॉलेज स्ट्रीटवरील प्रेसिडेन्सी ही सरकारनेच काढलेली संस्था, असा आमचाही समज होता. वस्तुतः तिचे मूळ लोकवर्गणीत आहे.

१४ मे १८१६ रोजी सरन्यायाधीश सर एडवर्ड हाइड ईस्ट यांच्या घरी शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. बरद्वानचे महाराज व गोपीमोहन ठाकूर यांनी प्रत्येकी १०,००० रुपये दिले; निधी लाखावर गेला. सनातन्यांचा आक्षेप येताच राममोहन रॉय, कार्य अडू नये म्हणून, स्वतःच बाजूस राहिले. २० जानेवारी १८१७ रोजी २० विद्यार्थ्यांनिशी हिंदू कॉलेज सुरू झाले.

पुढे ठेव असलेली पेढी बुडाली. सरकारी साहाय्य आले, त्यामागोमाग सरकारी देखरेखही आली. संस्थापकांनी दार केवळ हिंदू मुलांसाठी उघडले होते. १८५५ साली प्रेसिडेन्सी कॉलेज होताच ते सर्वांस खुले झाले. लोकांच्या हातची सत्ता गेली, पण विद्येचे अंगण विस्तारले. यांतील लाभ मोठा की हानी, याचा निवाडा सोपा नाही.

मुंबईकरांनीही १८२७ साली एल्फिन्स्टन यांच्या निरोपप्रसंगी अध्यापकांच्या नेमणुकांसाठी दोन लाखांहून अधिक रुपये जमविले होते.

परमुलखात मंडळ चालविणाऱ्या आपणांस वर्गणीचे मोल ठाऊक आहे. पन्नाशी गाठताना एवढेच स्मरावे, की वर्गणीने वास्तू उभी राहते. तिचे दार किती रुंद ठेवावे, हे मात्र आपल्या मनाने ठरवावयाचे असते.