राणीबागेत भेटलेला कैलासपती

आज गोष्ट एका सहलीची, आणि तिच्या आडून एका बागेची.

मी जवळा बाजारला शिकवतो. नववीची पोरं घेऊन परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली. भायखळ्याला राणीबागेत शिरलो आणि पोरं सुटली पेंग्विनकडं. खरं सांगू, मीही पळालो.

पण ही बाग मुळात प्राण्यांची नाही, झाडांची. 1830च्या दशकात शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. परदेशी पिकं आणि फळझाडं इथल्या हवेत धरतात का, हे बघायचं. सरकारला अर्थातच त्यातून पैसा दिसत होता. पुढं ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीकडं गेली. शिवडीची ती दफनभूमी आजही आहे. नवी बाग भायखळ्याला उभी राहिली. या खटपटीत जॉर्ज बर्डवूड होते, तसे आपले डॉ. भाऊ दाजी लाडही होते. 19 नोव्हेंबर 1862 ला लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. पिंजरे नंतर आले.

पेंग्विन बघून परतताना एक पोरगी थबकली. खोडालाच फुलं लगडलेली, खाली तोफगोळ्यासारखी फळं. तिनं पडलेलं फूल उचललं अन् म्हणाली, "सर, हे तर औंढ्याचं!" आमचा तालुकाच औंढा नागनाथ. फुलात मधोमध पिंड, वर नागाचा फणा. हा कैलासपती. मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आला परका, नाव पडलं महादेवाचं. (आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा तिकडचीच, पण ते सोडा.)

मग पेंग्विन राहिले बाजूला. गोरखचिंचेच्या बुंध्याला सात जणांनी हात धरून कवळ घालून पाहिली.

तिथंच त्यांना सांगितलं: 2007 नंतर प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा आला, तेव्हा या झाडांसाठी मुंबईकर वर्षानुवर्षं भांडले. काहींनी एकेक झाड ओळखून नोंदवलं. एका पोरानं विचारलं, "मग आपल्या रस्त्याच्या चिंचा तोडल्या, तेव्हा कोण भांडलं?" रुंदीकरणात त्या गेल्या, तेव्हा मी शाळेच्या दारात उभा राहून बघत होतो. तसंच सांगितलं त्याला.

त्या पोरीनं फूल डब्यात घालून आणलं. परभणीला उतरेपर्यंत ते काळं पडलं होतं, पण वास होता.