रंगांची लिपी आणि घरातील वीज : डहाणू–तलासरी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

विजेचा इतिहास बहुधा धरणे, वीजनिर्मिती केंद्रे आणि उद्योगधंदे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मीटरपासून दिव्यापर्यंत जाणाऱ्या दहा-पंधरा हात तारेचा इतिहास मात्र सहसा दुर्लक्षित राहिला. वस्तुतः सामान्य माणसाचा विजेशी प्रत्यक्ष संबंध येतो तो याच तारेतून, आणि जीवाला धोकाही तेथेच संभवतो. घरातील तारांना विशिष्ट रंग का देण्यात आले, ही संकेतव्यवस्था भारतात कशी रूढ झाली आणि पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या आदिवासीबहुल तालुक्यांत तिच्या मर्यादा कशा स्पष्ट होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची निर्मिती झाली, तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातमध्ये गेला व महाराष्ट्रात राहिलेल्या गावांचा तलासरी हा वेगळा विभाग झाला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. वारली, कोकणा, धोडिया, कातकरी इत्यादी समाजांची येथे मोठी वस्ती आहे. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारली आदिवासींच्या लढ्यामुळे वेठबिगारीविरोधी चळवळीच्या इतिहासात या भागाला महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले.

विजेच्या इतिहासातही या पट्ट्याचे स्थान लक्षणीय आहे. शेजारच्या पालघर तालुक्यात तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला. त्याच तालुक्यात १९९० च्या दशकाच्या मध्यास ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. या केंद्राची वीज उच्चदाब वाहिन्यांवरून प्रामुख्याने मुंबईच्या उपनगरांकडे जाते. अशा रीतीने महानगराला प्रकाश देणाऱ्या या परिसरातील पाड्यांवर घरगुती वीज मात्र टप्प्याटप्प्याने, निरनिराळ्या शासकीय योजनांतून पोहोचत राहिली.

रंगसंकेताचा उगम व प्रसार

घरातील वीजजोडणीत सामान्यतः तीन तारा अपेक्षित असतात. फेजमधून वीज येते व न्यूट्रलमधून तिचे मंडल पूर्ण होते. तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, एरवी निष्क्रिय असते. उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरल्यास तिला जमिनीकडे वाट करून देणे हे तिचे कार्य होय. तांब्याच्या तिन्ही तारा दिसायला सारख्याच असल्याने वेष्टनाच्या रंगावरून त्या ओळखण्याची पद्धत निर्माण झाली.

भारताने ब्रिटिश परंपरेतील संकेत स्वीकारला. त्यानुसार फेज लाल, न्यूट्रल काळी व अर्थिंग हिरवी असते. तीन फेजच्या पुरवठ्यात लाल, पिवळा व निळा हे फेजचे रंग होत. युरोपात मात्र देशोदेशी वेगवेगळे संकेत होते. जर्मनीत एकेकाळी लाल रंग संरक्षक अर्थिंगचा मानला जाई. म्हणजे एका देशात जीव वाचविणाऱ्या तारेचा जो रंग, तोच दुसऱ्या देशात सर्वांत धोकादायक तारेचा होता. उपकरणे देशांच्या सीमा ओलांडू लागल्यावर ही विसंगती असह्य झाली. परिणामी १९६० च्या दशकात फेजसाठी तपकिरी, न्यूट्रलसाठी निळा आणि अर्थिंगसाठी हिरवा-पिवळा पट्टा हा समान संकेत उपकरणांच्या वायरसाठी पुढे आला. लाल व हिरवा यांतील भेद न कळणाऱ्या व्यक्तीलाही दुरंगी पट्टा ओळखता येतो, हा त्याचा विशेष लाभ होय. ब्रिटनने घरातील कायम वायरिंगसाठी हा संकेत २००४ पासून अंगीकारला.

भारतीय घरांत आजही या दोन्ही परंपरा एकत्र नांदताना दिसतात. भिंतीतील जुनी वायर लाल-काळी, तर इस्त्री वा मिक्सरची वायर तपकिरी-निळी असते. येथे निळ्या रंगाबाबत गोंधळ संभवतो. उपकरणाच्या वायरमध्ये निळी तार न्यूट्रल असते, तर तीन फेजच्या जोडणीत तोच रंग एका फेजचा असतो. म्हणून रंग ही केवळ सूचना मानावी, पुरावा मानू नये. मुख्य स्विच बंद करून व टेस्टरने खात्री करूनच तारेला हात लावणे इष्ट ठरते.

कायदा आणि त्यातील गृहीतके

१९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमाखालील १९५६ च्या नियमांत या विषयाची मूलभूत तत्त्वे आढळतात. नियम ३२ नुसार न्यूट्रल तार ओळखण्यासाठी स्थायी स्वरूपाची खूण आवश्यक होती व केवळ न्यूट्रलमध्ये फ्यूज अथवा स्विच बसविण्यास मनाई होती. यामागील कारण महत्त्वाचे आहे. स्विच न्यूट्रलवर असल्यास बटण बंद करताच दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज कायम राहते. अशा वेळी अंधार हीच सुरक्षिततेची खूण समजून माणूस हात घालतो. नियम ३३ नुसार ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक उपलब्ध करून देणे ही पुरवठादाराची जबाबदारी होती. नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच होणे बंधनकारक होते. या नियमांची जागा पुढे २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली.

या तरतुदींमागे काही गृहीतके होती. घर पक्के असेल, तारतंत्री जवळपास मिळेल आणि ग्राहकाला सूचना वाचता येतील, असे त्यांत मानले होते. विजेचा धक्का बसलेल्या व्यक्तीवर करावयाच्या उपचारांच्या सूचना स्थानिक भाषेतही लावण्याचे बंधन नियम ४४ ने वीज केंद्रे, उपकेंद्रे व कारखाने यांवर घातले होते. घर मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

कुडाचे घर आणि तिसरी तार

वारली समाजाचे पारंपरिक घर कारवीच्या कुडाचे व शेणामातीने सारवलेले असते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या अशा भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली, सांध्यांवर उघडी राहिलेली वायर पक्क्या घरातील वायरपेक्षा अधिक घातक ठरते. १९८८-८९ मधील कुटीर ज्योती योजनेत दारिद्र्यरेषेखालील घरांना एका दिव्याची जोडणी देण्याची कल्पना होती. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना व २०१७ ची सौभाग्य योजना यांनी जोडणीचा विस्तार केला. तथापि, जोडणीचे मोजमाप ‘घरात वीज आली’ या निकषावर झाले. एका दिव्यापासून पुढे पंखा, दूरदर्शन संच, मोबाइलचा चार्जर अशी उपकरणे वाढतात, तेव्हा पुढील वायर मिळेल त्या रंगाची व बहुधा दोनच तारांची असते. तीन पिनांचा प्लग दोन तारांवर चालतो, म्हणून तिसऱ्या तारेची उणीव अपघात होईपर्यंत जाणवत नाही. काही ठिकाणी अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडण्याचा प्रघात दिसतो. न्यूट्रल तुटल्यास उपकरणाचे संपूर्ण आवरणच विजेने भारले जाते, हे त्यातील संकट होय.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू–तलासरी परिसरात सुरू झालेल्या भूकंपाच्या धक्क्यांच्या मालिकेने या प्रश्नाला आणखी एक परिमाण दिले. भेग पडलेल्या भिंतीतील वायरचे वेष्टन फाटलेले असू शकते. त्यामुळे घराबरोबर वायरिंगचीही तपासणी आवश्यक ठरते.

उपाययोजना

परवानाधारक तारतंत्रीकडून घेतलेले अर्थिंग, फेजवरील स्विच आणि ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे आरसीसीबी या तीन गोष्टींनी बहुतांश धोका टळू शकतो. फ्यूजच्या जागी जाड तार घालणे, ओल्या हातांनी बटण दाबणे, तसेच कपडे वाळत घालण्याची धातूची तार विजेच्या खांबाला वा पत्र्याला बांधणे कटाक्षाने टाळावे. कोणी विजेला चिकटल्यास प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने व्यक्तीला दूर करावे, उघड्या हाताने स्पर्श करू नये. श्वास थांबला असल्यास छातीदाब देत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

निष्कर्ष

तारांचे रंग ही एक लिपी आहे. निरक्षर व्यक्तीलाही ती वाचता येते, परंतु ती कोणीतरी शिकवावी लागते आणि लिहिणाऱ्याने शुद्ध लिहावी लागते. डहाणू–तलासरीच्या इतिहासात वीज उपकेंद्रापर्यंत, मग पाड्यापर्यंत व अखेर घरापर्यंत पोहोचली. तिच्याबरोबर ही लिपी मात्र त्याच गतीने पोहोचली नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून पाड्यांवरील घरांच्या वायरिंगची पाहणी तारतंत्रींच्या साहाय्याने हाती घेतल्यास ही उणीव काही अंशी भरून काढता येईल. विद्युतीकरण पूर्ण झाले असे म्हणण्यापूर्वी घरात किती दिवे लागले याबरोबरच किती घरांत हिरवी तार जमिनीपर्यंत गेली, याचीही मोजदाद होणे आवश्यक आहे.