गॅमा किरण स्फोटांतील अतिउच्च ऊर्जेचा उगम

महाकाय तारा कोसळून कृष्णविवर निर्माण होताना जवळपास प्रकाशाच्या वेगाने द्रव्याचे झोत बाहेर पडतात. दीर्घकाळ चालणारे गॅमा किरण स्फोट बहुधा अशाच झोतांमुळे होतात. झोत भोवतालच्या वायूवर आदळताच धक्कालहरी निर्माण होतात. त्यांतील वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना सिंक्रोट्रॉन प्रारण उत्सर्जित करतात. मात्र या प्रारणाच्या ऊर्जेला मर्यादा असते. १४ जानेवारी २०१९ रोजी स्पेनच्या ला पाल्मा बेटावरील मॅजिक दुर्बिणींनी एका स्फोटातून आलेले सुमारे १ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे, म्हणजेच ही मर्यादा ओलांडणारे प्रकाशकण टिपले. इलेक्ट्रॉन स्वतः उत्सर्जित केलेल्या प्रकाशकणांनाच धडकून त्यांची ऊर्जा अनेक पटींनी वाढवतात, असे स्पष्टीकरण शास्त्रज्ञांनी दिले. या प्रक्रियेला ‘व्यस्त कॉम्प्टन विकिरण’ म्हणतात.