सलीम अलींची चिमणी आणि चौकची वही

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. मीरा रोडच्या नया नगरमधली अकरा मुलंमुली घेऊन मी चौकला गेलो होतो. सगळी तेरा ते सोळा वयाची. भाईंदर पश्चिमेहून बस पकडायची, मुर्धा, राई, मोर्वा ओलांडत उत्तनच्या बाजूला जायचं आणि चौकला उतरायचं, हा आमचा महिन्यातल्या एका रविवारचा शिरस्ता. बस वळणं घेत होती तेव्हा नववीतल्या एका मुलाने पक्ष्यांच्या पुस्तकावरचं नाव वाचून विचारलं, "सर, सलीम अली म्हणजे आपल्यातले?"

मी हो म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग घरी कुणाला माहीत कसं नाही?"

त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. म्हणून हा लेख.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. सुलेमानी बोहरा कुटुंब. एका वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या पत्नी हमीदा बेगम यांना मूल नव्हतं. त्यांनी खेतवाडीतल्या घरात या भावंडांना वाढवलं. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच घराण्यातले.

पुढची चिमणीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण अर्धीच. मुलाकडे छऱ्याची खेळण्यातली बंदूक होती आणि चिमण्या मारून खायचा छंद होता. एक दिवस पडलेली चिमणी हलाल करायला घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, कालवण सांडल्यासारखा. नेहमीची चिमणी नव्हती ही. मग मुलाला शंका आली की असला पक्षी मुसलमानाने खावा की नाही? तो चिमणी घेऊन मामूंकडे गेला, कारण घरात शिकारी असे ते एकटेच. शाळेच्या पुस्तकांत ही चिमणी 'कुतूहलाची' म्हणून येते. मुळात ती एका मुसलमान घरातल्या पोराच्या हलाल-हरामच्या प्रश्नातून आली, आणि सलीम अलींनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात ते मिश्कीलपणे लिहून ठेवलं आहे.

मामूंना पक्षी ओळखता आला नाही. इथे मला त्यांचं मोठं कौतुक वाटतं. 'चल, टाकून दे' म्हणणं सोपं होतं. किंवा काहीतरी ठोकून देणं, जे आपण मोठी माणसं मुलांसमोर रोज करतो. अमीरुद्दीन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी मुलाला तिथल्या सचिवांकडे, मिलार्ड साहेबांकडे धाडलं.

ही सोसायटी १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी स्थापन केली. त्यातले दोघे आपल्याकडचे होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. बाकी गोरे हौशी लोक. सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांचा पेशा दारूच्या व्यापारी पेढीतला. त्यांनी चिमणी ओळखली, पिवळ्या गळ्याची रानचिमणी. मग मुलाला कपाटांपाशी नेलं आणि एकेक खण उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याचं कातडं कसं सोलायचं, कसं टिकवायचं, त्यावर कुठे-कधी-कुणी मिळवला याची चिठ्ठी कशी बांधायची, हे शिकायला लावलं.

मिलार्डने व्याख्यान दिलं नाही. काम दिलं. बावरून आत आलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोराला वस्तू हाताळू दिली आणि तिची नोंद त्याच्यावर सोपवली. आज नेतृत्व वगैरे शब्द वापरून शिबिरं भरतात, टोप्या-टीशर्ट वाटतात. माझ्या मते नेतृत्वाची सुरुवात त्या चिठ्ठीत आहे. चूक लिहिली तर पुढचे शंभर जण चुकणार आणि लिहिणारा तू, एवढं मुलाला कळलं की झालं.

अर्थात हेही सांगितलं पाहिजे की खेतवाडीचं ते घर म्हणजे नया नगरचं वन-रूम-किचन नव्हे. मामू सभासद, मामू शिकारी, सुट्टीत राहायला चेंबूर आणि किहीमला जागा. तेव्हाचं चेंबूर जवळजवळ रानच. गरिबाच्या पोराला पिवळ्या गळ्याची चिमणी सापडली असती तर तिचं कालवणच झालं असतं. आणि सलीम अली पुढे धार्मिक कर्मकांडापासून दूर गेले, तेही त्यांनी लपवलं नाही. 'आपल्यातले' म्हणून मिरवायचं तर पूर्ण माणूस घ्यावा लागेल.

या पुढचा भाग मला सर्वांत जास्त लागतो. सलीम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे सरकारी पक्षिशास्त्रज्ञाची जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या, नव्या निसर्गविभागात त्यांना गाइड लेक्चररची नोकरी मिळाली. महिना ३५० रुपये. येणाऱ्या लोकांना काचेमागचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे. निसर्ग शिकवण्यासाठी पगार देणारं पद या शहराने तयार केलं होतं, आणि त्यावर बसला होता सलीम अली!

दोन वर्षांत त्यांना त्या कामाचा कंटाळा आला. काचेमागचा पक्षी उडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले, बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत आले तर पद गेलेलं. कारण? पैसे नाहीत. जगातल्या उत्तम शिक्षकाकडून शिकून आलेला माणूस मुंबईत बेकार होता.

ते आणि पत्नी तहमीना किहीमला सासरच्या घरी राहायला गेले. अलिबागजवळचं, समुद्राकाठचं गाव. घराजवळ झाडांवर सुगरणींची वसाहत होती. नोकरी नव्हती, वेळ भरपूर होता. महिनोन्महिने ते घरटी पाहत बसले. त्यातून कळलं की नर एकामागून एक घरटी अर्धी विणतो. माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडलं की ती राहते, नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो. १९३१ मध्ये हे सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलं आणि त्यांचं नाव झालं. मी मुलांना हा भाग सांगतो तेव्हा मुली हमखास हसतात, घरटं पाहून पसंती देणारी मादी त्यांना फार आवडते.

सलीम अली एकटे नव्हते, हेही आपण विसरलो. त्यांच्याच नात्यातले हुमायून अब्दुलअली सोसायटीचे मानद सचिव होते. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. केंद्राचा कायदा यायला तेव्हा २१ वर्षं बाकी होती. आणि अंधेरीत राहणारे जफर फतेहअली. त्यांनी पक्षी पाहणाऱ्यांसाठी एक साधं वार्तापत्र सुरू केलं, त्यात कुणीही हौशी माणूस आपली नोंद पाठवू शकत असे. १९६९ मध्ये जागतिक वन्यजीव निधीची भारतातली शाखा मुंबईत उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या पत्नी लईक या सलीम अलींच्या भाची. दोघांनी मिळून लिहिलेलं 'कॉमन बर्ड्स' नॅशनल बुक ट्रस्टने १९६७ मध्ये काढलं. बसमध्ये त्या मुलाच्या हातात होतं ते हेच.

खेतवाडी, अंधेरी, किहीम. ही परंपरा काही लांबची नाही, पश्चिम रेल्वेच्या आपल्याच मार्गावर येऊन थांबलेली आहे. पण आपल्या मोहल्ल्यांत ती पोचली नाही. पोचावी म्हणून कुणी बसही काढली नाही.

म्हणून चौक. किल्ल्याचा माग काढत येणारे लोक इथे जंजिरे धारावी पाहतात. १७३९ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि मे महिन्यात समोरची वसई पडली. चिमाजी अप्पांचा पुतळा इथेच आहे. आमच्या घरची माणसं पूर्वी यायची ती समुद्रकाठच्या दर्ग्यावर फातेहा द्यायला. मी लहानपणी अम्मीबरोबर यायचो, आणि मला आठवतो तो बांबूच्या मांडवांवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास. पक्षी पाहिल्याचं अजिबात आठवत नाही. घारी तेव्हाही असणारच.

आता आमच्याकडे एक वही आहे. तारीख, ओहोटीची वेळ, वारा, पक्षी, संख्या, आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्याचं नाव. तिवरांच्या कडेला ढोकरी, खंड्या, बगळे. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, एक नांगी भलीमोठी असलेले चिमुकले खेकडे. जेट्टीवर मासळी उतरते तेव्हा ब्राह्मणी घार. दर वेळी एक मूल म्होरक्या असतं. पाण्याच्या बाटल्या, हजेरी, भरती कधी, परत कधी फिरायचं, सगळं त्याच्याकडे. म्होरक्याचं सगळ्यांनी ऐकायचं, माझ्यासकट.

त्या रविवारी आठवीतली एक मुलगी म्होरकी होती. खडकांवर तुतवारांचा थवा उतरला होता आणि मला अजून दहा मिनिटं हवी होती. ती घड्याळ पाहून म्हणाली, "नाही सर, पाणी चढतंय." मी म्हटलं, पाचच मिनिटं. ती म्हणाली, "पाच पण नाही." आणि शिट्टी वाजवली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. वळून पाहिलं तर आम्ही उभे होतो तिथल्या खडकाच्या मागून पाणी आत शिरत होतं.

जेट्टीजवळ आल्यावर एका माणसाने हटकलं. दुर्बिणीतून काय बघताय? कुठून आलात? मग नावं विचारली, आणि नावं ऐकल्यावर प्रश्न वाढले. मुलं माझ्या मागे सरकली. मी ओळखपत्र शोधायला खिशात हात घातला, या वयात ती सवयच झाली आहे. तेवढ्यात त्या म्होरकीने वही उघडून त्याच्यासमोर धरली. मोठा बगळा सात. ढोकरी चार. ब्राह्मणी घार तीन. त्याने पान उलटलं, मागचा महिना, त्यामागचा. बाजूला बोंबील पसरणाऱ्या एका कोळी मावशीने हाक दिली, "अरं, ती पोरा बगले मोजतान. दर म्हैन्याला येतान."

माणूस वहीत पाहत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "घारी तीन नाहीत. ती बघा, खांबावर चौथी."

मुलीने दुर्बीण लावली, पाहिलं, आणि तीनवर काट मारून चार लिहिलं. मग मोजणाऱ्याच्या रकान्यात लिहायला त्याचं नाव विचारलं.